म्हशीची फळी

पुणे, ५ जानेवारी २०१६

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार पत्रातच घालते, म्हणजे तुला "ऊठ, ऊठ" म्हणावं लागणार नाही. तुझा फोन टँकरवाल्यासाठी मोकळा ठेवायचा असतो हे मला आता पाठ झालंय. शिवाय फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणून निसटतेस. आज निसटू द्यायचं नाही.

ऐक. मिहिरच्या कंपनीनं त्याच्यावर खूश होऊन 'सह्यविहार'ची दोन माणसांची सफर दिली आहे. ती शाही गाडी, जिचे फोटो बघून तू म्हणाली होतीस की आगगाडीत झुंबर कशाला लागतं. मार्चमध्ये ती औरंगाबादला माणसं घेते, कोकणातून गोव्याला जाते, येताना कोल्हापूर आणि शेवटचा मुक्काम पुणे. आम्हां दोघांनाही सुट्टी मिळत नाही. तेव्हा तू आणि गोजरबाई जा. नाहीतरी गोजरबाईंशिवाय तुझं पान हलत नाही आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

एक डबा खास चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी बांधलाय. दार रुंद आहे. पलंग खुर्चीच्या उंचीला. न्हाणीघरात खुर्ची अख्खी वळते आणि भिंतीला धरायला दांडे आहेत, म्हणजे तुझी आंघोळ तू तुझी करायची. पलंगाला लागून खिडकी. आत्या, तू जन्मभर मुलींना भूगोल शिकवलास, कोकण रेल्वेचे बोगदे फळ्यावर काढलेस, आणि गाडीची दारं नि संडास तुझ्या खुर्चीला पुरत नाहीत म्हणून एकदाही आगगाडीत बसली नाहीस.

चढायचीही काळजी नको. मी विचारून घेतलं. त्यांचे चौघं जण येतात, खुर्चीसकट उचलतात आणि अलगद आत नेऊन ठेवतात. तुला बोटही हलवावं लागणार नाही.

हो म्हण. पेन संपलंय, तेवढी पेन्सिल चालवून घे.

तुझी
मृण्मयी

*

औरंगाबाद, १५ जानेवारी २०१६

चि. मृण्मयी,

आज संक्रांत. हलव्याचे चार दाणे पाकिटात घातलेत, टपालखात्यानं खाल्ले नाहीत तर पोचतील. गोड बोलायचा दिवस आहे, म्हणून जमेल तेवढं गोड करून लिहिते: नाही.

रागावू नकोस. इथली हालत तुला तिथून कळायची नाही. आमची बोअर दिवाळीतच आटली. आजूबाजूला एवढ्या इमारती उठल्या आणि प्रत्येकानं जमिनीत एवढी भोकं पाडली की खाली काही राहिलं असेल असं वाटत नाही. शेजारच्या प्लॉटवर पाच मजले होणार होते, ते पाण्यावाचून जोत्यावरच थांबले. गोजरबाईचा भाऊ कडुबा पिशोरहून येऊन तिथं राखण करतो. राखण कशाची, तर एका खड्ड्याची आणि वाळूच्या ढिगाची. टँकर कधी येईल याचा नेम नाही, आला की घरात माणूस लागतं.

दुसरं असं, की गल्लीतल्या बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या आणि मी गाडीत शॉवरखाली बसायचं, हे मला पटत नाही.

ती सफर तुम्ही दोघांनी करा. सुट्टी मिळत नाही म्हणे. मागून तर बघा.

तुझी
आत्या

ता. क. तुमच्या घरात पेन मिळत नाही? मिहिर इंजिनिअर आहे ना?

*

पुणे, २४ जानेवारी २०१६

प्रिय आत्या,

हलवा पोचला. तीन दाणे होते.

तुझ्या दोन्ही सबबींचा बंदोबस्त केलाय. तुझ्या समोरच्या मालनबाईंना फोन केला. टँकर आला की त्या तुझ्या टाकीत पाणी घेतील. "शैलाबाई जाणार असतील तर मी त्यांचं तुळशीचं पण बघते," म्हणाल्या. आणि शॉवरचं म्हणशील तर गाडीत बादली मागून घे आणि त्यातलीही अर्धीच वापर. कुणी सक्ती करणार नाही.

मे महिन्याची सुट्टी आठवते तुला? तुझ्या खोलीत खुर्च्या एकामागं एक लावून आपण गाडी करायचो. तू मनमाड, नाशिक, इगतपुरी अशी स्टेशनं पुकारायचीस आणि मी चहा विकायचे. खिडकीची जागा कायम तुझी. मी चिडले की म्हणायचीस, "खऱ्या गाडीत बसले की तुला देईन खिडकी." मी त्या खिडकीची अजून वाट बघते आहे.

खरं सांगू? पाणी वगैरे काही नाही. मला वाटतं तू घाबरलीस. इतकी वर्षं गाडी नाही म्हणून गेली नाहीस, आता गाडी दारात आली तर पाय मागं घेतेस. हे तुला शोभत नाही. आता बोलले ते बोलले.

पेन आणायचं राहूनच जातंय.

तुझी
मृण्मयी

*

औरंगाबाद, ३ फेब्रुवारी २०१६

चि. मृण्मयी,

घाबरले, हे खरं. पण गाडीला नाही. त्या चौघांना.

तू सहज लिहिलंस, चौघं येतात आणि उचलतात. तुझ्या मनात काही नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण चौघांनी उचललं असं आपल्यात कुणाविषयी म्हणतात, ते तुलाही ठाऊक आहे.

नोकरीला लागले त्या वर्षी शाळेची सहल अजिंठ्याला गेली. तिथं डोलीवाले असतात, खुर्चीला बांबू बांधून चौघं जण खांद्यावर नेतात. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी डोली ठरवली. मी हरखले होते. माणसं चांगली होती, वाटेनं माझ्याशी बोलत होती. एका वळणावर एक म्हातारी बोरं विकत बसली होती. तिला कमी दिसत असावं. आम्ही जवळ आलो तशी ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घालून हात जोडले. ओठ हलत होते. मुलींना काही कळलं नाही. मला कळलं.

मी वरून म्हटलं, "आजी, नमस्कार." ती अशी दचकली की तिची बोरं सांडली.

लेणी मी पाहिली, पण विचारशील तर एकही चित्र आठवत नाही. परतताना डोलीत बसले नाही. बसल्या बसल्या हातांवर जेवढं सरकता आलं तेवढं सरकले, उरलेलं दोन मुलींच्या गळ्यात हात टाकून. तळहात सोलले. त्या दिवशी ठरवलं की चौघांनी मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा माझी परवानगी लागणार नाही. तोवर कुणी उचलायचं नाही.

गाडी बघायची मला किती हौस आहे हे तुला सांगायला नको. न्हाणीघराविषयी लिहिलंस ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पण दारापाशी ते चौघं उभे आहेत.

आता तुझी पाळी. पेन संपलं, हे मी एकदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा नाही. उताण्या माणसाच्या हातात पेन चालत नाही, शाई उलटी फिरते. पोलिओ झाला तेव्हा मी दवाखान्यात पाठीवर पडून पेन्सिलीनंच अक्षर गिरवलं होतं. कागद छातीवर धरला की ओळी उजवीकडं वर चढतात. तुझ्या दोन्ही पत्रांत चढल्यात. तू पडून आहेस.

काय झालं आहे?

आत्या

*

पुणे, ११ फेब्रुवारी २०१६

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग खूप रडले. मास्तरीण ती मास्तरीणच.

मला सहावा महिना आहे. डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं, उठायचंच नाही. मागच्या वेळी मी आनंदानं सगळ्यांना कळवलं होतं, आणि मग प्रत्येकाला पुन्हा फोन करून 'आता नाही' हेही मलाच सांगावं लागलं. म्हणून यंदा कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. सुट्टीचं खोटं बोलले.

परवा तपासणीला स्ट्रेचरवरून नेलं. लिफ्टमधल्या माणसानं माझ्या अंगावरून मिहिरला विचारलं, "काय झालं यांना?" मी खाली डोळे उघडे ठेवून पडलेली होते. दिवसा एक बाई येतात. स्वभावानं चांगल्या आहेत, पण अंग पुसायला हात लावण्याआधी विचारत नाहीत. मला वळवायचं असलं की वळवतात. आणि मी तुला लिहिलं होतं, तुला बोटही हलवावं लागणार नाही. मला वाटलं होतं त्यात सुख असतं.

तिकिटं परत करते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मला भीती वाटते, आत्या. दिवसभर छताकडं बघते आणि काही हललं की धसकते, नाही हललं की त्याहून धसकते. आई असती तर तिला बोलावलं असतं. तुला बोलवत नाही. मोटारीत तुझी पाठ धरते, बसमध्ये तुला चढता येत नाही. तुझं येणं म्हणजे काय, ते मला आत्ता कुठं कळायला लागलंय.

तुझी
मृण्मयी

*

औरंगाबाद, १८ फेब्रुवारी २०१६

लाडके मृण्मयी,

तिकिटं परत करायची नाहीत. ती गाडी पुण्याला थांबते ना?

रडणं झालं असेल तर एक गंमत सांगते. पिशोरला चारा संपला म्हणून कडुबानं त्याची म्हैस इथं प्लॉटवर आणली. चंद्री तिचं नाव. टेंपो आला तेव्हा मी खिडकीतच होते. तीन फळ्या जोडून केलेली एक रुंद, लांब फळी असते, ती त्यानं टेंपोला लावली आणि चंद्रीचा कासरा ओढायला लागला. चंद्री ढिम्म. तिनं फळी हुंगली, एक पाय ठेवला, काढून घेतला. मागं मोटारी खोळंबल्या, एकजण हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. गोजरबाई भावावर ओरडली, "आरं, वढू नको तिला. येऊ दी की तिच्या मनानं. तुझी काय गाडी सुटायली का?"

मग सगळे थांबले. हॉर्नवालाही थांबला. चंद्रीनं आपल्या फुरसतीनं चारही पाय फळीवर घेतले आणि खाली उतरली. तिला कुणी उचललं नाही. आणि हिला काय झालं, असं कुणी कडुबाला विचारलं नाही.

मी खुर्ची घेऊन बाहेर गेले. म्हटलं, "कडुबा, ही फळी माझं वजन पेलेल का?"

"व्हय तर. चंद्रीला पेलती, तिच्यापुढं तुमी काय हैत, बाई?" म्हणाला, आणि मग जीभ चावली. मी इतकी हसले की त्याला वाटलं रडायलेय.

त्या अर्धवट इमारतीच्या जोत्याला फळी लावून बघितली. पहिल्यांदा फजिती झाली. म्हशीचे खूर घसरू नयेत म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. चाक पट्टीला अडलं, खुर्ची मागं आली ती गोजरबाईच्या पायावर. ती मला काय म्हणाली ते तुझ्या अवस्थेत लिहीत नाही. पट्ट्या काढू म्हटलं तर कडुबा तयार होईना, चंद्रीला परत न्यायचं आहे. शेवटी त्यानं फळी उलटी केली. पाठ सपाट. त्यावर गोणपाट बांधलं. आणि मृण्मयी, मी चढले. माझ्या हातांनी. कुबड्यांवर वाढलेले हात आहेत, ते कधीतरी उपयोगी पडायचेच होते. मागं गोजरबाई होती, पण फक्त खुर्ची घसरली तर म्हणून.

गाडीवाल्यांना मी आजच सविस्तर लिहिलं आहे. म्हशीच्या फळीवरून चढेन, चौघांच्या हातून नाही. त्यांना चालत असेल तर कळवा.

तू पडून राहा. पडून राहणं हेही काम असतं, आणि ते मला येतं. त्या बाईंना सांग, "आधी विचारा." लाजू नकोस, तोंडानं सांग. पहिल्यांदा जड जातं.

तुझी
आत्या

*

'सह्यविहार' कार्यालय, मुंबई
२७ फेब्रुवारी २०१६

माननीय शैलाताई यांस,
सविनय नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण गाडीत चढण्यासाठी म्हशीची फळी वापरू इच्छिता असे समजले. अशा फळीची तरतूद आमच्या नियमांत नाही. तथापि नियम दोनदा वाचले असता तिला मनाईही आढळली नाही. स्टेशनवरील अधिकाऱ्यांशी बोलणे झाले असून गाडी उभी असताना फळी लावण्यास त्यांची हरकत नाही.

फळी स्वच्छ धुतलेली असावी, ही विनंती. आपल्याकडील पाण्याची परिस्थिती पाहता निदान झाडलेली असावी.

आमचे सेवक बाजूस उभे राहतील व आपण सांगितल्याखेरीज हात लावणार नाहीत. पुण्यास उतरतेवेळीही उपयोगी पडावी म्हणून फळी सामानाच्या डब्यातून सोबत नेण्यात येईल.

हे कार्यालयीन पत्र आहे, तरी एक लिहितो. माझे वडील बऱ्याच दिवसांपासून अंथरुणाला आहेत. मी रोज सकाळी त्यांना उचलून बसवतो. आपले पत्र वाचल्यावर काल प्रथमच विचारले, "बाबा, उचलू का?" ते म्हणाले, "थांब जरा." मी थांबलो.

आपला नम्र,
मंदार
(प्रवासी व्यवस्था)

*

'सह्यविहार', रत्नागिरीच्या अलीकडं कुठंतरी
१५ मार्च २०१६

लाडके मृण्मयी,

पेन्सिल बघून धसकू नकोस. गाडी हलते म्हणून घेतली आहे. मी बसलेली आहे, खिडकीला लागून.

काल कडुबानं फळी टेंपोतून स्टेशनवर आणली. झाडून, नवं गोणपाट बांधून. त्याची बायको चतुराबाई आली होती, तिनं माझ्या तळहातावर दही घातलं. या दिवसांत तिनं दही कुठून आणलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चंद्रीचंच हाय की." मालनबाई आल्या होत्या. निम्मी गल्ली आली होती. गाडीच्या दारापाशी लाल फेटेवाले चौघं उभे होते, आणि त्यांच्या शेजारी मंदार, कोवळ्या चेहऱ्याचा, माझ्याहून जास्त घामाघूम.

फळी लावली. मी निघाले. प्लॉटवरच्या जोत्यापेक्षा हे चढण जास्त होतं, ते निम्म्यावर गेल्यावर कळलं. हात भरून आले. खुर्ची जागच्या जागी थरथरायला लागली. चौघांतला एकजण पुढं झाला. मंदारनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "ताई, मदत हवी आहे?"

कुणी मला असं विचारलं की मी नेहमी घाईनं "नको" म्हणते. या वेळी घाई केली नाही. चाकं धरून थांबले, चंद्रीसारखी. एवढी मोठी शाही गाडी माझ्यासाठी थांबली होती, आणि स्टेशनवर कुणी 'आटपा' म्हणत नव्हतं. मागून फक्त गोजरबाई म्हणाली, "बाई, सावकाश. मी हाय."

दम आला तशी मी म्हटलं, "नको. जमेल." आणि जमलं, मृण्मयी.

पण दारात जायच्या आधी मी खुर्ची थोडी वळवली. सगळे खाली उभे होते. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. मला एकदम ती अजिंठ्याची म्हातारी आठवली. चौघांच्या खांद्यावरून निघालेल्या माणसाला मागं वळून हा एक शब्द म्हणता येत नाही. मला म्हणता येत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "येते बरं का." चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि कडुबा म्हणाला, "या बाई, बिगीबिगी नका येऊ. चंद्रीला बी तिकडं जाऊन काय खायचं हाय?" फळी माझ्याकडं आहे, त्यामुळं ती परत येईस्तोवर चंद्रीचा मुक्काम प्लॉटवरच.

आज सकाळी मी माझी आंघोळ माझी केली. दार आतून लावून. अर्धी बादली. गोजरबाई शॉवरला हात लावायला तयार नाही, म्हणते, "हितं उघडला तर आपल्या गल्लीत टँकर यायचा नाय." तिला झुंबर मात्र फार आवडलं आहे. जेवताना वर बघत जेवते.

बोगदे येतात नि जातात. मधेच खाडीचं पाणी दिसतं. नकाशात मी ते फिक्कट निळं रंगवायला सांगायचे. खरं बरंच हिरवं आहे. जन्मभर मुलींचे गुण कापले, आता कुणाकुणाची माफी मागू?

शुक्रवारी सकाळी गाडी पुण्याला येईल. मिहिरला स्टेशनवर पाठव, पण मला धरायला नको, फळी धरायला. तुझ्या पलंगाला खुर्ची लावून मी बसेन. छत बघायचं झालं तर दोघी मिळून बघू, स्टेशनं मी पुकारीन. तुला हात लावायच्या आधी विचारीन. पोटावर हात ठेवायच्या आधीही विचारीन, तुलाही आणि त्यालाही. तुला कबूल केलेली खिडकी मी या गाडीत वापरून टाकली. पुढच्या खेपेची त्याला, लेखी देते.

भीती वाटली तर वाटू दे. मी फार लांब नाही आता.

येते.

तुझी
आत्या